करंगळीचं अक्षर

"आत्या, ह्या बाळाच्या बापाचं नाव 'तीन किलो दोनशे' आहे का हो?"

वायरवाल्याने हे इतक्या गंभीरपणे विचारलं की आत्याने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि हातातलं काम टाकून ती त्याच्या पडद्यापाशी गेली. दारात मेट्रन चहाचा पेला घेऊन उभी होती. तिचं हसू आणि तोंडातला घोट एकदमच बाहेर पडले.

"असेल की! काही बापांचं घरात तेवढंच वजन असतं."

वायरवाला हसला नाही. हसण्यासारखी वेळच नव्हती त्याच्यावर. मुख्य कार्यालयाने त्याला पाठवलं होतं. गळ्यात सदैव हेडफोन आणि खिशातून डोकावणारी एखादी वायर, म्हणून सगळ्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं होतं. प्रसूती रुग्णालयातल्या सगळ्या जन्मनोंदी जुन्या संगणकातून उचलायच्या आणि नव्या मोठ्या यंत्रात भरायच्या, एवढंच त्याचं काम. उद्या संध्याकाळी जुना संगणक भंगारात जाणार होता.

"हे बघा," त्याने पडद्यावर बोट टेकवलं. "बाळाच्या नावाच्या खान्यात नुसतं एक अक्षर. नावाचा उरलेला तुकडा आईच्या खान्यात. आई ढकलली गेली वजनात, आणि वजन बापाच्या जागी."

"आणि बाप?" आत्याने विचारलं.

"बाप ओळीच्या बाहेर पडला."

"हेही खरंच आहे म्हणा बऱ्याच घरांत," मेट्रन म्हणाली. पण आत्याचा चेहरा बघून तिने पुढचा विनोद चहाबरोबर गिळला.

कारण आत्याने ती ओळ ओळखली होती. खालची ओळखली, तिच्याखालची ओळखली. एकामागून एक सगळी तिच्याच लोकांची बाळं होती. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या, तिच्या बोलीत रडणाऱ्या-हसणाऱ्या माणसांची. बाकीची बाळं आपापल्या खान्यांत शहाण्यासारखी बसलेली, आणि ह्यांचीच तेवढी डोकी एकीकडे, धडं एकीकडे.

"हे माझ्यामुळे झालंय," आत्या म्हणाली.

आता आत्याचं ते अक्षर कसलं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपल्या वर्णमालेत ङ असतो बघा, नाकात घुमणारा, बिचारा. तक्त्यावर त्याला मानाची जागा असते, पण घरी जेवायला कुणी बोलवत नाही. आत्याच्या बोलीत त्याच आवाजाचा असा काही थाट होता की निम्मी नावं त्यानेच सुरू व्हायची. लिपी मात्र त्या मुलखात सगळ्यांची एकच, रशियन लिहितात ती सिरिलिक. तिच्यात 'न'साठी जे अक्षर आहे ते दिसतं एका पायरीच्या शिडीसारखं: Н. नदीच्या वरच्या अंगाच्या लोकांनी काय केलं, त्याच शिडीच्या उजव्या पायाला खाली एक शेपूट लावलं: Ӈ. झालं अक्षर तयार! साधं, देखणं, आणि शेपूट हलवत तुमच्याकडे बघणारं.

फक्त एक घोळ होता. शेपूट लावलं माणसांनी, टंकलेखन यंत्र बनवणाऱ्याला ते कुणी कळवलंच नाही.

आत्या नोकरीला लागली तेव्हा ह्याच तळमजल्यावरच्या खोलीत तिला एक काळं, लोखंडी, म्हशीसारखं यंत्र मिळालं. सगळी अक्षरं होती, ते नव्हतं. तिच्याआधीची टंकलेखिका सरळ शिडी ठोकून मोकळी व्हायची. शेपूट नसलं तर काय बाळ दूध प्यायचं थांबतं? पण आत्याला ते सोसेना. शेपूट नसलेलं नाव म्हणजे दुसऱ्याच कुणाचं नाव. आई नऊ महिने पोटात वाढवते ते काय दुसऱ्याच्या नावासाठी? मग तिने शोधून काढलं: आधी शिडी ठोकायची. एक घर मागे यायचं. डाव्या हाताने यंत्राची कागद धरणारी गाडी केसभर सरकवून तशीच धरायची, श्वास रोखायचा आणि उजव्या करंगळीने स्वल्पविराम हाणायचा. तो बरोब्बर उजव्या पायाखाली जाऊन बसायचा. शेपूट! दोन ठोके, एक अक्षर. वरच्या मजल्यावरच्या बाळांचं रडणं भिंतीतल्या पाइपातून खाली यायचं, आणि खाली आत्या ठोके देत असायची. टक्, टक्. आलास बाबा जगात, हे घे तुझं शेपूट.

पुढे संगणक आला. त्याच्यात मागे येऊन अक्षरावर अक्षर ठोकता येत नव्हतं, पण करंगळीला ते कोण समजावणार? आत्या शिडी टाइप करायची, तिला खेटून स्वल्पविराम टाइप करायची, आणि दाखला छापून बाहेर आला की टेबलावरचं काळं पेन उघडून एका झटक्यात स्वल्पविरामाला पायाशी जोडून द्यायची. इतकं सफाईदार की लोक दाखला उन्हात धरून बघायचे आणि तरी ओळखू यायचं नाही. कागदावर सगळी बाळं अखंड होती.

आत, यंत्रात, मात्र स्वल्पविराम स्वल्पविरामच राहिला होता. आणि नव्या यंत्राला कुणीतरी शिकवलं होतं की स्वल्पविराम दिसला की तिथे खाना तोडायचा.

वायरवाल्याने मुख्य कार्यालयाला फोन लावला. बराच वेळ "हो सर, हो सर" केलं. फोन ठेवून तो नखं बघत बसला.

"काय म्हणाले?" आत्याने विचारलं.

"म्हणाले, सगळीकडे शेपूट छाटून टाका. साधं अक्षर चालेल. उद्या संध्याकाळपर्यंत."

"छाटून टाका," आत्या म्हणाली. एवढंच. मग ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली आणि पेनाचं टोपण काढून लावत राहिली, काढून लावत राहिली.

*

घरी भाचीने दार उघडलं तेच बोलत. ही भाची म्हणजे आत्याच्या भावाची मुलगी. तिला जन्म देतानाच तिची आई गेली, आत्या बसायची त्या खोलीच्या बरोबर वरच्या मजल्यावर. भाऊ दूरच्या बंदरावर कामाला, वर्षाकाठी एखादी चक्कर मारणारा. तेव्हा पोर वाढली ती आत्याच्या टेबलाखाली, कागदांच्या रिकाम्या खोक्यात. ती "आत्या, आत्या" करायची म्हणून डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळं रुग्णालयच आत्या म्हणायला लागलं. आणि भाचीचं नाव? तेही शेपटीनेच सुरू व्हायचं. रुग्णालयाच्या संगणकातून शाळेच्या पटावर ते "न, स्वल्पविराम, पुढचं काहीतरी" असं उतरलं, आणि पहिल्याच दिवशी हजेरी घेणाऱ्या बाई अडखळल्या. तेव्हापासून ती वर्गाची कॉमा. दुसरी एखादी रडली असती. हिने वहीवर टोपणनाव म्हणून भलाथोरला स्वल्पविराम काढला आणि त्याला डोळे चिकटवले.

"तुझं तोंड असं का झालंय? कुणी ओरडलं? मेट्रन? मी जाऊन बोलू?"

"आधी मला आत तर येऊ दे, महामाये."

आत्याने बूट काढता काढता सगळं सांगितलं. तिला वाटलं, पोर हसेल. कॉमा हसली नाही. कपाळावर आठ्या घालून विचार करत राहिली.

"म्हणजे उद्यापासून मी पण छाटलेली?"

"तू, तुझ्या वर्गातला तो गोलू, वरच्या अंगाची सगळीच पोरं. आयुष्यभर मी पायाशी शेपटं बांधत बसले, बाळा, आणि माझंच शेपूट कात्रीसारखं चाललं."

"आत्या, थांब. थांब, थांब, थांब." कॉमाने दोन्ही हात वर केले. "संगणकाच्या सरांनी एकदा सांगितलं होतं, जगातल्या सगळ्या अक्षरांचा एक तक्ता आहे. सगळ्या म्हणजे सगळ्या! प्रत्येक अक्षराला नंबर. पटावर असतो तसा. आपलं त्यात असेल!"

"आपलं?" आत्या खरंच हसली. "अगं, आपण ओंजळभर माणसं. जगाचा तक्ता करणाऱ्याला आपलं शेपूट कशाला आठवतंय?"

"पैज?"

"कसली पैज?"

"असलं तर महिनाभर भांडी तू घासायची."

"आणि नसलं तर?"

"नसलं तर..." कॉमाचा आवाज जरा खाली आला. "नसलं तर मी घासते. पण असेल."

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रुग्णालयाच्या फरशीवरून बुटांचा असा काही धडधडाट आला की रुग्णवाहिकेचा चालक बाजूला झाला. कॉमा खोलीत शिरली. दप्तर एका खांद्यावर, वेणी सुटलेली, आणि उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली.

"भांडी!" ती एवढंच ओरडली आणि मूठ उघडली.

तळहातावर शाईने लिहिलं होतं. शून्य, चार, सी, सात. घामाने सात जरा पसरला होता.

"हे काय?"

"आपण! हा आपला नंबर! मधल्या सुट्टीत डबा न खाता शोधला. आत्या, काय तक्ता आहे तो! संपतच नाही! खाली खाली जात राहायचं, डोंगरावरून घसरल्यासारखं. कुठल्या कुठल्या लोकांची अक्षरं, काही चिमणीच्या पायांसारखी, काही नुसती ठिपके-ठिपके. आणि मग आपल्या लिपीचा भाग आला, आणि त्यात एक गल्ली अशी, सगळी शेपटीवाली! ह्या पायाला शेपूट, त्या पायाला आकडा, कुणाकुणाची देव जाणे. आणि त्यांच्यात आपलं! मोठं सातवर, छोटं लगेच शेजारी आठवर. आई आणि बाळ!"

वायरवाला खुर्चीसकट वळला. त्याने तळहात वाचला. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"मला सुचायला हवं होतं. मी कालपासून कात्री कुठून आणायची तेवढंच बघतोय."

"अरे, कात्री सांगितली होती ना तुला," आत्या म्हणाली. "पण हे खरं आहे?"

"टाइप करून बघा ना."

आत्या बसली. वायरवाल्याने एक कोरं पान उघडून दिलं. कॉमाने तळहात तिच्यासमोर धरला, आरशासारखा. आत्याने शून्य टाइप केला, चार टाइप केला, सी, सात. चार ठोकळे पडद्यावर उभे राहिले.

"आता ही कळ दाबून ठेवा, आणि ही मारा."

आत्याने मारली.

चारही ठोकळे गेले. त्यांच्या जागी ते उभं होतं. एका पायरीची शिडी, उजव्या पायाला शेपूट. जोडलेलं नाही, बांधलेलं नाही. शेपटीसकट जन्मलेलं.

पाइपातून वरचं एक बाळ रडत होतं. आत्याने पडद्याला हात लावला नाही, पण हात तिथवर नेला. चुलीची धग बघतात तसा.

"छाप," ती म्हणाली.

कागद बाहेर आला. आत्याने तो टेबलावर सरळ केला, काळं पेन उचललं, टोपण काढलं, निब पायापाशी नेली, आणि थांबली. शेपूट होतंच. तिने कागद खिडकीकडे धरला. उलटा करून मागून पाहिला. मग पेन टोपणात घालून कागदाच्या शेजारी नीट, सरळ रेषेत ठेवलं.

"कुणी घातलं असेल गं हे तक्त्यात?"

"काय माहीत. कुणीतरी सांगितलं असेल ना जाऊन, की बाबा, अशी अशी माणसं आहेत."

"न भेटता," आत्या म्हणाली. "आपल्याला कधी न बघता."

वायरवाला आता रंगात आला होता. त्याने हेडफोन काढून बाजूलाच ठेवले. "आत यंत्रात अक्षर नसतंच, आत्या. आत नुसते आकडे. हे तुमचं अक्षर ठेवताना यंत्र दोन आकडे ठेवतं. दोनशे अकरा आणि एकशे पस्तीस."

"दोन?" आत्याने वळून पाहिलं. "आतमध्ये अजून दोनच ठोके आहेत?"

"तसं म्हणा."

"आणि शिडीला? बिनशेपटीच्या?"

"तिलाही दोनच."

"जास्त नाही ना लागत आपल्याला? जागा वगैरे? कुणी म्हणायला नको, ह्यांच्या शेपटीमुळे अडचण झाली."

"एका दाण्यानेही जास्त नाही. जेवढी त्यांना, तेवढीच तुम्हाला."

आत्या पाठ जरा ताठ करून बसली. सोयरीक बरोबरीची ठरल्यावर बसतात तशी.

"आणि गंमत सांगू?" कॉमाला आता कोण आवरणार! "मोकळ्या जागेलाही नंबर आहे! दोन शब्दांच्या मध्ये आपण काहीच लिहीत नाही ना, ते 'काहीच नाही' पण तक्त्यात आहे. बत्तीस नंबर! काहीच नसण्याचा पण नंबर, आत्या! मी तर वेडी व्हायची राहिले."

"ते काही नवीन नाही," मेट्रन दारातून म्हणाली. ती कधी आली कुणालाच कळलं नव्हतं. "आमच्याकडे रिकाम्या खाटेलाही नंबर असतो."

*

पण अक्षर सापडलं म्हणजे नावं जुळली असं नव्हतं. दुपार उतरत होती. भंगारवाल्याची गाडी पाच वाजता येणार होती.

वायरवाला नखं खायला लागला. "एकेक नाव हाताने दुरुस्त करायला महिना लागेल. यंत्राला एकदम सांगता येईल, शिडीला खेटून स्वल्पविराम दिसला की दोन्ही काढ आणि हे अक्षर ठेव. एका फटक्यात सगळी. पण एक भीती आहे."

"कसली?"

"एखाद्या बाळाचं नाव साध्या शिडीनेच संपत असेल, आणि पुढे तुम्ही खाना बदलायला खराखुरा स्वल्पविराम दिला असेल, तर यंत्र त्यालाही शेपूट लावणार. आणि त्याचं नाव आईच्या नावाला चिकटवून टाकणार. म्हणजे आपल्यांना वाचवायला जाऊन दुसऱ्यांची पोरं बिघडवायची."

"खऱ्या स्वल्पविरामापुढे मोकळी जागा असते," आत्या म्हणाली. "शेपटीपुढे नसते. सांग यंत्राला."

"असते, पण दर वेळी? आत्या, रागावू नका. माणूस घाईत असतो, मागे लोक उभे असतात, फोन वाजत असतो. मी आजवर एकही फाइल अशी बघितली नाही की जिच्यात जागा सुटायच्या राहिल्या नाहीत. माझी स्वतःची तर चाळणीच असते."

आत्या आपल्या हातांकडे बघत होती. तिला खरंच आठवत नव्हतं. सगळं आयुष्य ह्या दहा बोटांनी काढलं, पण त्यांनी काय केलं ते डोक्याला कधी विचारलं होतं? थंडीत बोटं वाकायची नाहीत ते दिवस. ताप अंगात घेऊन बसलेले दिवस. टेबलाखालून एक पोर झग्याला लोंबकळायची ते दिवस, आणि तीच पोर मांडीवर बसून "मी ठोकू? मी ठोकू?" करायची ते दिवस.

"मला शपथेवर सांगता यायचं नाही," ती म्हणाली.

"मी सांगते," कॉमा म्हणाली. "गृहपाठात एक जागा सुटली नाही तर मला पुन्हा लिहायला लावते ही बाई. लावा यंत्र."

"आधी नुसतं तपासूया," वायरवाल्याने सुवर्णमध्य काढला. "बदलायचं नाही. मोकळी जागा आणि स्वल्पविराम धरून यंत्र प्रत्येक ओळ तोडून बघेल. चारच खाने भरले तर ओळ बरोबर. कमीजास्त झालं तर ती ओळ इथे लाल दिसेल. लाल ओळी मोजक्या निघाल्या तर हाताने करू. फार निघाल्या, तर..." त्याने वाक्य तसंच सोडलं.

त्याने कळ दाबली. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. वरून खाली, वरून खाली, पावसात खिडकीवरचं पाणी उतरतं तशा. नावं वाचता येत नव्हती, नुसती सळसळ दिसत होती. आत्याला मात्र वाटत होतं की प्रत्येक ओळ जाता जाता तिच्याकडे बघतेय. ही ती, जिचा बाप दाखला घ्यायला उलटा सदरा घालून आला होता. हे ते जुळं, ज्यांची नावं ठरेपर्यंत दोन्ही आज्यांनी खोलीत भांडण मांडलं होतं. हा तो, आता बसवर वाहक आहे, तिच्याकडून कधी तिकिटाचे पैसे घेत नाही. मेट्रन दार सोडून आत आली होती. कॉमाने आत्याचं मनगट धरलं होतं, आणि तिच्या तळहातावरची शाई आत्याच्या हाताला लागत होती.

ओळी थांबल्या.

वायरवाला पडद्याजवळ गेला. मग मागे सरकला. मग पुन्हा जवळ गेला.

"एकही लाल नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे एकदाही नाही, आत्या. एवढ्या वर्षांत एकदासुद्धा नाही." तो आवाज खाली आणून बोलत होता, झोपलेलं मूल असलेल्या खोलीत बोलतात तसा. "असं नसतं कधी. असं कुणी करत नाही."

कॉमाने अशी आरोळी ठोकली की पाइपातून वरची दोन बाळं एकदम रडायला लागली. मेट्रनने तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि स्वतः नाक पुसलं. आत्या नुसती म्हणाली, "बरं झालं," आणि चष्मा झग्याच्या टोकाने पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"फक्त ही एक पिवळी आलीय," वायरवाला म्हणाला. "चूक नाही. खाने चारच आहेत. पण ओळ फार लांब आहे, पडद्याच्या बाहेर गेलीय." त्याने ओळ वर आणली. "नाव, आईचं नाव, स्वल्पविराम, आणि मग... काहीच नाही. इथे काही पुसलं गेलंय का?"

कॉमा वाचायला पुढे वाकली. वाचलं आणि तशीच वाकून राहिली.

तिचीच ओळ होती. तिचं नाव, दोन तुकड्यांचं. तिच्या आईचं नाव. स्वल्पविराम. आणि त्यापुढे पांढरं. पडद्याच्या काठापर्यंत पांढरं, आणि काठाच्या पलीकडेही.

"पुसलं नाही काही," आत्या म्हणाली. "अंगठा राहिला असेल स्पेसच्या पट्टीवर."

मेट्रन तिच्याकडे बघत होती. कॉमा जन्मली तेव्हा ती मेट्रन नव्हती, वरच्या मजल्यावरची नवी सिस्टर होती. तीच जिना उतरून आली होती आणि ह्याच दारात उभी राहिली होती. भावाची मुलगी झाल्याचा निरोप आधीच आला होता, वजनही आलं होतं, आत्या आनंदाने ओळ टाइप करत होती. वहिनीचं नाव झालं, स्वल्पविराम झाला, तेवढ्यात तिने मान वर केली. सिस्टर काही बोलली नव्हती. बोलायची गरज पडली नव्हती. आणि खाली अंगठा पट्टीवर तसाच राहिला होता, आणि यंत्र बिचारं, त्याला काय कळतंय, ते एकामागून एक मोकळी जागा मांडत गेलं होतं. पुढे कधीतरी, त्याच दिवशी, आत्याने वजन टाइप केलं होतं. बापाचं नाव टाइप केलं होतं. स्वल्पविराम, मोकळी जागा, सगळं जिथल्या तिथे.

"नवं यंत्र जास्तीच्या जागा काढून टाकतं," वायरवाला चाचरत म्हणाला. त्याला नेमकं काय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळलं होतं. "आपोआप. मला थांबवता येईल का बघू?"

"नको," आत्या म्हणाली. "पोरीचं नाव नीट येतंय ना? मग झालं."

"एक मिनिट," कॉमा म्हणाली.

ती वायरवाल्याच्या खुर्चीच्या कडेवर टेकली. लुकलुकणारी उभी रेघ तिने आईच्या नावाच्या शेवटी नेऊन ठेवली, स्वल्पविरामाच्या पुढे. आणि उजवीकडे जायची कळ दाबली. दाबून धरली नाही. एकदा दाबली, सोडली. पुन्हा दाबली. रेघ एक पाऊल सरकली, अजून एक पाऊल. बत्तीस, बत्तीस, बत्तीस, तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. रेघ त्या पांढऱ्यातून चालत राहिली. पडदा सरकला, नावं डावीकडे दिसेनाशी झाली, आता नुसतं पांढरं होतं आणि त्यात एकटी लुकलुकणारी रेघ. बाहेर भंगारवाल्याच्या गाडीने हॉर्न वाजवला. मेट्रन खिडकीतून ओरडली, "थांब रे जरा!"

मग उजव्या काठातून वजन उगवलं. कॉमाचं वजन.

"पोचले," ती म्हणाली.

वायरवाल्याने खुर्ची सोडून दिली. आत्या तिथे बसली, भाचीच्या शेजारी, निम्म्या खुर्चीत. सगळ्या नोंदी एकदम बदलणारी कळ कोणती ते त्याने दाखवलं. आत्याने एकदा झग्याला हात पुसले, आणि करंगळीने ती दाबली.

ओळ आक्रसली. डावीकडे दोन तुकडे मिटले आणि शेपूट हलवत अक्षर उभं राहिलं, त्याच्यामागे अख्खं नाव. उजवीकडे पांढरं नाहीसं झालं. वहिनीचं नाव सरकत आलं आणि लेकीच्या वजनापाशी येऊन थांबलं. मध्ये एकच जागा होती, सगळ्यांना असते तेवढी.